कॅरिअर राउटरचं सॉफ्टवेअर अपग्रेड सोपं करायचंय? मग रात्रीचं काम दिवसाच उरकून ठेवा

सिस्कोचा एएसआर ९००० असो, ज्युनिपरचा एमएक्स असो नाहीतर नोकियाचा ७७५० एसआर, टेलिकॉम कंपन्यांच्या मोठ्या (कॅरिअर) राउटरचं अपग्रेड म्हटलं की चांगल्या चांगल्या इंजिनियरच्या पोटात गोळा येतो. एका बॉक्सवर हजारो ग्राहक, शेकडो बीजीपी सेशन (राउटरमधली रूटची, म्हणजे रस्त्यांच्या माहितीची, देवाणघेवाण), बँकांच्या लीज्ड लाइन, मोबाइल टॉवरला मुख्य नेटवर्कशी जोडणारं बॅकहॉल, आणि हे सगळं रात्री एक ते पहाटे पाच एवढ्या वेळात खाली करून परत जसंच्या तसं उभं करायचं. मग होतं काय, अपग्रेड पुढे ढकललं जातं, राउटर तीन-तीन चार-चार वर्षं त्याच व्हर्जनवर चालत राहतो, आणि एक दिवस अशी सिक्युरिटी ॲडव्हायझरी (सुरक्षेतल्या त्रुटीची सूचना) येते की पर्यायच उरत नाही, आणि तेव्हा उडी इतकी लांबची असते की मधे एक-दोन थांबे घेतल्याशिवाय पोचताच येत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये आयओएस एक्सआर या सिस्कोच्या राउटर सॉफ्टवेअरच्या डीव्हीएमआरपी या मल्टिकास्ट प्रोटोकॉलमध्ये सापडलेली त्रुटी आठवा, आयजीएमपीची पॅकेट पाठवून राउटरची मेमरी संपवता येत होती, आणि सिस्कोने जाहीर केलं तेव्हा तिचा गैरवापर सुरूही झाला होता. पॅच ठरावीक व्हर्जनसाठीच निघतात, त्यामुळे जुन्या व्हर्जनवर बसलेल्याला अशा वेळी आधी अपग्रेड आणि मग पॅच अशी दुहेरी धावपळ करावी लागते.

माझं सांगणं एवढंच आहे की रात्री दोन वाजता माणसाला जितके कमी निर्णय घ्यावे लागतील तितकं अपग्रेड सोपं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्यासाठीच आहे, म्हणजे निर्णय दिवसा घ्या, फाइल दिवसा चढवा, चेक दिवसा लिहून ठेवा, आणि रात्रीसाठी फक्त ट्रॅफिक बाजूला काढणं, रीलोड आणि तपासणी एवढंच ठेवा. उदाहरणं मुख्यतः एक्सआर आणि जुनॉसची (ज्युनिपरचं सॉफ्टवेअर) देतोय कारण आपल्याकडे बऱ्याच जणांचा रोजचा संबंध त्यांच्याशीच येतो.

कॅलेंडर आधी, व्हर्जन नंतर

सिस्को आयओएस एक्सआरच्या सिक्युरिटी ॲडव्हायझरींचा गठ्ठा वर्षातून दोनदा काढते, मार्च आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या बुधवारी. ज्युनिपरचं चक्र तिमाही आहे, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरचा दुसरा बुधवार. या तारखा आधीपासून माहीत असतात, तरी कित्येक टीम दर वेळी बातमी आल्यावरच दचकतात. त्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर खूण करा, गठ्ठा आला की आठवड्याभरात ठरवायचं की आपल्याला लागू होणारं त्यात काय आहे आणि ते नुसत्या पॅचने भागतंय की व्हर्जन बदलायचंय. गणपती, दिवाळी, ३१ डिसेंबर, आयपीएलची फायनल या काळात नेटवर्क फ्रीझ असतोच, तेव्हा सप्टेंबरच्या गठ्ठ्याचं काम दिवाळीआधी उरकायचं की नंतर हे सप्टेंबरातच ठरलेलं बरं.

व्हर्जन निवडताना सगळ्यात नवीन घेऊ नका, व्हेंडर ज्याला जास्त काळ सपोर्ट देणार आहे आणि ज्याचे एक-दोन मेंटेनन्स रिलीज येऊन गेलेत असं घ्या. एका रोलसाठी एकच व्हर्जन, म्हणजे सगळे पीई (ग्राहकांना जोडणारे राउटर) एकावर, सगळे पी (आतल्या कोअरचे) राउटर एकावर, रूट रिफ्लेक्टर (बीजीपीचे रूट बाकीच्यांना वाटणारे) एकावर. नेटवर्कमध्ये सहा-सात वेगवेगळी व्हर्जनं असली की प्रत्येक अपग्रेडचा एमओपी (कामाच्या पायऱ्यांचा लेखी कागद) वेगळा, प्रत्येकाचे बग वेगळे, आणि टॅककडे (व्हेंडरच्या सपोर्ट टीमकडे) केस टाकली की पहिला अर्धा तास कुठल्या बॉक्सवर काय आहे हे सांगण्यातच जातो.

रिलीज नोट्स वाचताना नव्या फीचरपेक्षा बदललेल्या डिफॉल्टकडे जास्त लक्ष द्या. एक उदाहरण देतो. २०१७ साली आलेल्या आरएफसी ८२१२ (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) नुसार ईबीजीपी शेजाऱ्यावर (दुसऱ्या नेटवर्कच्या बीजीपी राउटरवर) पॉलिसी लावलेली नसेल तर त्याच्याकडून रूट घ्यायचेही नाहीत आणि त्याला द्यायचेही नाहीत. एक्सआर आधीपासूनच असं वागतं, पण इतर काही प्लॅटफॉर्मवर हे वागणं नंतरच्या व्हर्जनमध्ये आलं किंवा ऑप्शन म्हणून आलं. आता तुमच्या एखाद्या जुन्या पीअरवर पॉलिसीच नसेल तर अपग्रेडनंतर सेशन एस्टॅब्लिश्ड दिसणार, हिरवा दिवा लागणार, आणि प्रिफिक्स (मिळालेले रूट) मात्र शून्य. हे रात्री शोधायला वेळ लागतो, दिवसा कॉन्फिगमध्ये ग्रेप (शब्दशोध) मारला तर दोन मिनिटांत कळतं.

तसंच एसएसएचचं, म्हणजे राउटरवर दुरून सुरक्षित लॉगिन करण्याचं. नव्या व्हर्जनमध्ये जुने अल्गोरिदम बंद होतात, आणि तुमचा दहा वर्षं जुना जंप सर्व्हर (ज्यातून राउटरवर शिरतो तो) किंवा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट अपग्रेडनंतर लॉगिनच करू शकत नाही. राउटर ठणठणीत, पण आपणच बाहेर. लॅबमध्ये अपग्रेड केलेल्या राउटरवर तुमच्या प्रत्येक टूलमधून एकदा लॉगिन करून बघा, टॅकॅक्ससकट (लॉगिन तपासणारी यंत्रणा).

एकच इमेज बनवा

पूर्वी एक्सआरच्या ३२-बिट जमान्यात मिनी पाय (पाय म्हणजे पॅकेज फाइल), एमपीएलएसची पाय, मल्टिकास्टची पाय, मग वर वीस-पंचवीस एसएमयू (छोटे पॅच), असं सगळं एकेक करून ॲड करत बसायचो, एखादी एसएमयू दुसरीवर अवलंबून असायची आणि क्रम चुकला की ॲक्टिव्हेशन फेल. ६४-बिट एक्सआरमध्ये गोल्डन आयएसओ आला आणि खरं सांगायचं तर अपग्रेड सोपं करणारी सगळ्यात मोठी एकच गोष्ट विचाराल तर माझं उत्तर हेच. बेस आयएसओ, तुम्हाला लागणारी पॅकेजं आणि सगळ्या एसएमयू मिळून एकच फाइल बनते. त्यासाठी सिस्कोचं जीआयएसओबिल्ड नावाचं पायथन टूल गिटहबवर आहे, एका लिनक्स मशीनवर चालवायचं, फाइल तयार. नावात तारीख किंवा लेबल टाका आणि तीच फाइल त्या रोलच्या प्रत्येक राउटरवर, एकही अपवाद नको. एखाद्या साइटसाठी वेगळी एसएमयू लागत असेल तर ती सगळ्यांच्याच इमेजमध्ये घाला आणि नवं लेबल द्या.

फक्त एक लक्षात ठेवा, काही उड्यांसाठी जुन्या व्हर्जनवर आधी ब्रिज एसएमयू टाकावी लागते, ती टाकल्याशिवाय नवी इमेज स्वीकारली जात नाही. ती रिलीजच्या अपग्रेड डॉक्युमेंटमध्ये दिलेली असते. रात्रीच्या कामात ती ठेवू नका, आधीच्या आठवड्यात टाकून मोकळे व्हा, पण टाकण्याआधी तिचा प्रकार बघून घ्या, कारण काही एसएमयू रीलोड मागतात.

जुनॉसमध्ये इमेज मुळात एकच असते, तिथे घोळ वेगळा. रूटिंग इंजिन (राउटरचा मेंदू असलेलं कार्ड) जुनं आहे की व्हीएमहोस्टवालं (व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनॉस चालवणारं), त्यावर कमांड आणि फाइल दोन्ही बदलतात. रिक्वेस्ट सिस्टिम सॉफ्टवेअर ॲड आणि रिक्वेस्ट व्हीएमहोस्ट सॉफ्टवेअर ॲड या दोन वेगळ्या वाटा आहेत. इन्व्हेंटरीत प्रत्येक बॉक्ससमोर रूटिंग इंजिनचं मॉडेल लिहिलेलं असू द्या आणि फाइलची निवड स्क्रिप्टवर सोडा.

फाइल चढवणं हे दिवसाचं काम आहे

कितीतरी एमओपीमध्ये फाइल कॉपी हा विंडोमधला (रात्रीच्या ठरलेल्या वेळेतला) पहिला स्टेप असतो आणि तिथेच तास जातो. राउटरच्या कंट्रोल प्लेनकडे (मेंदूकडे) येणाऱ्या ट्रॅफिकवर पोलिसर (वेगमर्यादा) असतात, लांबच्या पॉपला (राउटर बसवलेल्या केंद्राला) एक-दीड जीबीची फाइल एससीपीने जाताना रडतखडत जाते. त्यात डिस्क भरलेली निघाली की जुन्या कोअर फाइल, जुनी पॅकेजं काय उडवायची यावर ब्रिज कॉलवर चर्चा. तेव्हा चार-पाच दिवस आधी दिवसाच कॉपी करा. एक्सआरमध्ये इन्स्टॉल रिमूव्ह इनॲक्टिव्हने जुनी पॅकेजं निघतात, जुनॉसमध्ये रिक्वेस्ट सिस्टिम स्टोरेज क्लीनअप ड्राय-रन देऊन आधी बघा काय उडणार आहे, मग खरं चालवा.

कॉपी झाली की चेकसम, म्हणजे फाइल तंतोतंत आली का हे दाखवणारा आकडा. व्हेंडरच्या डाउनलोड पेजवर एमडी५ आणि शा ५१२ दोन्ही दिलेले असतात, राउटरवरच्या फाइलचा एमडी५ काढायची कमांड एक्सआरमध्ये आहे आणि जुनॉसमध्येही आहे, स्क्रिप्टने जुळवून घ्या. डोळ्यांनी ३२ अक्षरं जुळवत बसू नका, आपण पहिली चार आणि शेवटची चार बघून पुढे जातो.

६४-बिट एक्सआरच्या ६.x व्हर्जनमध्ये इन्स्टॉल ॲड दिवसा करून ठेवता येतं आणि इन्स्टॉल प्रिपेअरही विंडोच्या आधी उरकता येतं. प्रिपेअरमध्ये पॅकेज उघडणं, अवलंबित्व तपासणं हे सगळं होऊन जातं, ट्रॅफिकवर परिणाम नाही, आणि काही खोट असेल तर ती दुपारी चार वाजता कळते, टॅकवाला जागा असतो, आपणही जागे असतो. एक्सआर ७ मध्ये कमांड बदलल्यात, तिथे इन्स्टॉल रिप्लेस, मग इन्स्टॉल अप्लाय रीलोड, मग इन्स्टॉल कमिट असा क्रम आहे. जुनॉसमध्ये कॉन्फिग नव्या व्हर्जनला चालतंय का ते व्हॅलिडेशनमध्ये तपासलं जातं. वेळ वाचवायला नो-व्हॅलिडेट मारायची सवय खूप जणांना आहे. निदान त्या मॉडेलच्या आणि त्या कॉन्फिगच्या पहिल्या राउटरवर तरी ते मारू नका.

ट्रॅफिक आधी बाजूला काढा

हा भाग सावकाश वाचा. राउटरवर ट्रॅफिकच नसेल तर तो पंचवीस मिनिटं बंद राहिला काय आणि चाळीस मिनिटं काय, कुणालाच कळत नाही, आणि तुमच्या हातालाही घाम फुटत नाही.

आयजीपी (आपल्याच नेटवर्कमधल्या राउटरना एकमेकांचे रस्ते सांगणारा प्रोटोकॉल) म्हणून आयएसआयएस चालवत असाल तर ओव्हरलोड बिट लावा. बाकीचे राउटर लगेच समजतात की यातून ट्रान्झिट न्यायचं नाही, पण याचा स्वतःचा लूपबॅक पत्ता पोचण्याजोगा राहतो, म्हणजे तुमचं लॉगिन तुटत नाही. ओएसपीएफ असेल तर मॅक्स-मेट्रिक, म्हणजे सगळ्या लिंकचं मेट्रिक ६५५३५ करून टाकणं, आरएफसी ६९८७ मध्ये वर्णन केलेलं आहे. पण हे फक्त आयजीपीचं झालं. बाहेरच्या पीअरकडून येणारं ट्रॅफिक तुमचा ओव्हरलोड बिट बघत नाही, त्याच्यासाठी बीजीपी ग्रेसफुल शटडाउन आहे, आरएफसी ८३२६, मार्च २०१८. आपण रूटवर ६५५३५:० ही कम्युनिटी लावायची, समोरचा ती बघून लोकल प्रेफरन्स शून्यावर आणतो, दुसरा रस्ता असेल तर तिकडे जातो, आणि हे सगळं सेशन चालू असतानाच होतं, म्हणून पॅकेट पडत नाहीत. समोरच्याने ही कम्युनिटी मानायला हवी हे खरं, त्यामुळे ट्रान्झिट आणि मोठ्या पीअरना आधी मेल टाकून विचारा. मानत नसतील तर आपल्या बाजूने एएस पाथ प्रिपेंड करून वेळ द्या आणि मग सेशन खाली घ्या. व्हीआरआरपी (दोन राउटरनी एकच गेटवे पत्ता सांभाळणं) असेल तर प्रायॉरिटी उतरवायला विसरू नका.

आता थांबायचं आणि बघायचं. ग्राफवर इंटरफेसचं ट्रॅफिक खाली आलं का? शून्य होणार नाही, कंट्रोल प्लेनचं किरकोळ राहील. पण एखाद्या इंटरफेसवर अजून ३०० एमबीपीएस चालू असेल तर तिथे कुणीतरी सिंगल-होम्ड (एकाच राउटरला जोडलेला) बसलेला आहे, एखादा स्यूडोवायर (दोन टोकांमधली आभासी तार) आहे, कुणाचा तरी स्टॅटिक रूट आहे. तो कोण हे खरं तर आधीच्या आठवड्यातच कळायला पाहिजे, म्हणून मी तर सांगेन की अपग्रेडच्या आधी एखाद्या रात्री नुसता ड्रेन करून, म्हणजे ट्रॅफिक बाजूला काढून, बघा, दहा मिनिटं, आणि परत आणा. त्या दहा मिनिटांत जो उरतो त्याची यादी म्हणजे तुमची ग्राहकांना कळवायची यादी. आणि जोडीचा राउटर सगळा भार पेलतो का, कुठली लिंक भरते, हेही त्याच वेळी दिसतं.

परत येताना एक खड्डा असतो. राउटर बूट झाला की आयजीपी काही सेकंदांत वर येतं, पण बीजीपीचं पूर्ण टेबल, म्हणजे आजच्या घडीला आयपीव्ही४ चे दहा लाखांच्या आसपास रूट, शिकून फॉरवर्डिंगमध्ये उतरवायला कित्येक मिनिटं लागतात. मधल्या काळात शेजाऱ्यांना वाटतं हा तयार आहे, ते ट्रॅफिक पाठवतात, आणि ते इथे येऊन मरतं. त्यासाठी एक्सआरमध्ये ओव्हरलोड बिट ऑन-स्टार्टअप वेट-फॉर-बीजीपी अशी ओळ आहे, जुनॉसमध्ये ओव्हरलोडला टाइमआउट देता येतो. ही ओळ अपग्रेडपुरती नको, कॉन्फिगच्या टेम्प्लेटमध्ये कायमची असू द्या, कारण वीज जाऊन राउटर रीबूट झाला तरी हाच खड्डा असतो.

मग आयएसएसयूचं काय?

इन-सर्व्हिस अपग्रेड, म्हणजे राउटर चालू असतानाच सॉफ्टवेअर बदलायचं. ब्रोशरमध्ये छान दिसतं. प्रत्यक्षात दोन्ही व्हर्जनमध्ये सुसंगतता लागते, तुम्ही वापरता ती सगळी फीचर आणि सगळी लाइनकार्ड (पोर्टांची कार्डं) सपोर्टेड यादीत लागतात, जुनॉसमध्ये जीआरईएस आणि एनएसआर (एक रूटिंग इंजिन पडलं तर दुसऱ्याने न थांबता काम उचलायची सोय) चालू लागतं, आणि मधेच अडकलं तर अर्धा बॉक्स या व्हर्जनवर अर्धा त्या व्हर्जनवर अशी अवस्था येते जिच्यातून बाहेर काढताना टॅकलाही वेळ लागतो. कोअर आणि जोडीने बसवलेल्या पीईसाठी माझं मत स्पष्ट आहे, ड्रेन करा आणि सरळ रीलोड करा. त्यात हलणारे भाग कमी आहेत आणि शेवटची अवस्था स्वच्छ असते.

जिथे एजचा (ग्राहकांच्या बाजूचा) राउटर एकटाच आहे आणि ग्राहकांना दुसरा रस्ताच नाही तिथे आयएसएसयूचा विचार करा, पण लॅबमध्ये नेमक्या त्याच दोन व्हर्जनमध्ये करून बघितल्यावरच. जुनॉसच्या दोन रूटिंग इंजिनच्या बॉक्सवर मधला मार्गही आहे. जीआरईएस आणि एनएसआर बंद करायचं, आधी बॅकअप इंजिन अपग्रेड करायचं, ते नीट वर आलं की मास्टरशिप तिकडे द्यायची आणि मग पहिलं अपग्रेड करायचं. मास्टरशिप बदलताना फटका बसतो, पण जुनं इंजिन जुन्या व्हर्जनसकट शेजारीच तयार उभं असतं, त्यामुळे परत फिरणं खूप सोपं.

चेक मशीनने करायचे

प्री-चेक म्हणजे पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅमचा लॉग आणि पोस्ट-चेक म्हणजे दुसरा पुट्टीचा लॉग आणि मग नोटपॅडवर दोन्ही शेजारी ठेवून डोळे फोडायचे, हे आता बंद करा. सिस्कोसाठी पायएटीएस आहे, तो राउटरची अवस्था शिकून ठेवतो आणि नंतर फरक दाखवतो. ज्युनिपरसाठी जेस्नॅपी आहे. मिश्र नेटवर्क असेल तर नॅपाम किंवा नॉरनिर या पायथन लायब्ररींवर स्वतःचं लिहा, दोनशे ओळींच्या आत होतं.

पण नुसता फरक काढला तर तीन हजार ओळी निघतात, कारण अपटाइम बदलतो, काउंटर बदलतात, टायमर बदलतात. म्हणून काय बघायचं ते आधी ठरवा. आयएसआयएसचे शेजारी तेवढेच हवेत, एकही कमी नको. बीजीपीचं प्रत्येक सेशन एस्टॅब्लिश्ड हवं, आणि प्रत्येकाचे स्वीकारलेले प्रिफिक्स आधीच्या आकड्याच्या दोन-तीन टक्क्यांत हवेत, शून्य असेल तर लाल. आधी अप असलेला प्रत्येक इंटरफेस अप, ऑप्टिकची रिसीव्ह पॉवर एक-दीड डीबीपेक्षा जास्त हललेली नको. सगळी कार्डं, पंखे, पॉवर सप्लाय ठीक. स्टँडबाय रेडी. स्क्रिप्टने एवढ्याच गोष्टी दाखवायच्या, आणि जे जुळत नाही तेवढंच दाखवायचं.

एक्सआरवर आणखी एक कमांड पोस्ट-चेकमध्ये पाहिजेच पाहिजे: शो कॉन्फिगरेशन फेल्ड स्टार्टअप. नव्या व्हर्जनला जुन्या कॉन्फिगमधल्या ज्या ओळी समजल्या नाहीत त्या राउटर गुपचूप बाजूला ठेवतो आणि बाकीच्यासह वर येतो. एखादी क्यूओएसची (ट्रॅफिकला प्राधान्य देणारी) ओळ, एखादी एसीएलची (ट्रॅफिक गाळणारी) ओळ. सेशन सगळे वर असतात, पोस्ट-चेक हिरवा येतो, आणि दोन दिवसांनी ग्राहक सांगतो की व्हॉइस कट होतोय. ही कमांड मारली की ती ओळ तुमच्यासमोर असते.

दुसरी म्हणजे शो एचडब्ल्यू-मॉड्यूल एफपीडी. लाइनकार्डांवरच्या फर्मवेअरची यादी येते आणि ज्याला गरज आहे त्याच्यासमोर नीड अपग्रेड लिहिलेलं दिसतं. हे नंतर वेगळ्या रात्री करायचं म्हणजे परत ड्रेन, परत रीलोड. एफपीडी ऑटो-अपग्रेड आधीच चालू करून ठेवा म्हणजे सॉफ्टवेअरबरोबर फर्मवेअरही उरकतं. त्याने बूटला जास्त वेळ लागतो, तो धरूनच वेळेचं गणित मांडा, आणि फर्मवेअर लिहिलं जात असताना घाबरून कार्ड ओढू नका किंवा पॉवर मारू नका, कार्ड कायमचं जाऊ शकतं. रोलबॅक झालाच तर नवं फर्मवेअर जुन्या सॉफ्टवेअरला चालतं का तेही व्हेंडरला आधीच विचारून ठेवा.

वेळेचं गणित उलटं मांडा

समजा विंडो एक ते पाच. लॅबमध्ये मोजलेला रीलोड २५ मिनिटांचा, बीजीपी जमणं आणि पोस्ट-चेक २० मिनिटं. परत फिरायचं तर तेवढीच ४५ मिनिटं लागणार, वर अर्धा तास हाताशी ठेवा. म्हणजे पावणेचारला रोलबॅक सुरू झालाच पाहिजे. पावणेदोनला रीलोड मारला तर अडीचपर्यंत चित्र स्पष्ट होतं आणि शोधाशोध करायला सव्वा तास मिळतो. पावणेचारची ही वेळ सीआरमध्ये (बदलाच्या मंजुरीच्या अर्जात) लिहा आणि घड्याळ बघणारा माणूस वेगळा नेमा, कीबोर्डवर बसलेल्याला ते कधीच भान राहत नाही, त्याला कायम वाटतं अजून पाच मिनिटांत सुटेल.

एक्सआरमध्ये इन्स्टॉल कमिट मारेपर्यंत परतीचा रस्ता उघडा असतो, रीलोड केला की राउटर शेवटच्या कमिट केलेल्या व्हर्जनवर येतो. म्हणून कमिट हा पोस्ट-चेक हिरवा झाल्यावर आणि ट्रॅफिक परत घेऊन थोडा वेळ बघितल्यावरच. जुनॉसमध्ये आधी स्नॅपशॉट आणि रेस्क्यू कॉन्फिग घ्या. नोकियात बीओएफमध्ये (बूटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) प्रायमरी इमेज नवी आणि सेकंडरी इमेज जुनी असं दोन्ही ठेवा, आणि बूट एन्व्हायर्नमेंट दुसऱ्या सीपीएमवर (कंट्रोल कार्डावर) सिंक्रोनाइझ करायला विसरू नका.

आत जायचा वेगळा रस्ता

कॅनडात ८ जुलै २०२२ ला रॉजर्सचं नेटवर्क बसलं, १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक, ९११ चे कॉलसुद्धा लागेनात. आयपी कोअरच्या अपग्रेडचे सात टप्पे होते आणि हा सहावा. डिस्ट्रिब्युशन राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला, रूटचा लोंढा कोअरवर आला आणि कोअर राउटर कोसळले. इंजिनियर लोकांना आत जाताच येईना, कारण मॅनेजमेंट नेटवर्कही त्याच कोअरवर चालत होतं, आणि कारण सापडायलाच कित्येक तास गेले. आणखी एक गोष्ट त्या प्रकरणात आहे जी आपल्या सगळ्या सीआर सिस्टिममध्ये दिसते. पहिल्या टप्प्याची रिस्क हाय धरली होती, पुढचे टप्पे नीट पार पडत गेले तशी ती आपोआप कमी होत सहाव्याला लो झाली होती. आधीचे राउटर नीट झाले म्हणून या राउटरचा धोका कमी होत नाही, प्रत्येक टप्प्यात काय बदलतंय त्यावर रिस्क ठरवा.

त्यामुळे प्रत्येक पॉपवर कन्सोल सर्व्हर (नेटवर्क बंद असतानाही राउटरवर लॉगिन देणारा), आणि त्याला ४जी मोडेम, सिम दुसऱ्या ऑपरेटरचं. विंडोच्या आधी त्याच दिवशी संध्याकाळी त्या रस्त्याने लॉगिन करून बघा, कन्सोलची केबल निघालेली असते, बॉड रेट चुकलेला असतो. साइटवर यूएसबी ड्राइव्ह ठेवा, त्यात तीच गोल्डन इमेज. राउटर बूटच झाला नाही तर फील्ड इंजिनियरने यूएसबीवरून बूट करायचं, त्याच्या पायऱ्या अर्ध्या पानात छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवलेल्या असू द्या. आणि तो माणूस साइटवर हवा, घरी फोनजवळ असून चालत नाही.

कुठून सुरुवात आणि किती एका रात्रीत

आधी लॅब. एक्सआरव्ही ९००० किंवा व्हीजुनॉस या आभासी राउटरवर कॉन्फिग स्वीकारलं जातं का, ऑटोमेशन चालतं का, टेलिमेट्रीचे पाथ बदललेत का हे सगळं कळतं, लाइनकार्डच्या चिपमधले बग मात्र कळत नाहीत, त्यासाठी खरं कार्ड असलेला निदान एक बॉक्स लॅबमध्ये पाहिजे. मग फील्डमधला एक कमी भाराचा राउटर, आणि एक आठवडा नुसतं बघायचं, मेमरी चढतेय का, एखादी प्रोसेस रीस्टार्ट होतेय का, लॉगमध्ये नवीन काय येतंय. त्यानंतर मग रात्री दोन-दोन चार-चार घ्या.

जोडीतले दोन्ही राउटर एका रात्री घेऊ नका. आठवडाभर सगळे ए बाजूचे, मग थांबा, मग बी बाजूचे. रूट रिफ्लेक्टरलाही हेच.

आणि शेजारच्या नेटवर्कच्या अपग्रेडचाही विचार करा. ऑस्ट्रेलियात ८ नोव्हेंबर २०२३ ला ऑप्टसचं झालं ते असंच, अपग्रेड ऑप्टसची मालक कंपनी सिंगटेलच्या आंतरराष्ट्रीय नेटवर्कमध्ये होतं, रूटची माहिती दुसऱ्या रस्त्याने मोठ्या संख्येने आली, आणि ऑप्टसच्या जवळपास ९० पीई राउटरनी प्रिफिक्सची डिफॉल्ट मर्यादा ओलांडली म्हणून स्वतःला नेटवर्कपासून तोडून घेतलं. कित्येक ठिकाणी माणसं पाठवून राउटर वर आणावे लागले. एक कोटीच्या आसपास ग्राहक दिवसभर खोळंबले. तुमच्या प्रत्येक सेशनवरची मॅक्स-प्रिफिक्स मर्यादा किती आहे, ती कुणी विचार करून टाकली आहे की डिफॉल्ट आहे, आणि ओलांडली तर सेशन तुटतं की नुसतं वॉर्निंग येतं, हे ड्रेनच्या आधी एकदा तपासाच, कारण ड्रेन केल्यावर रूटची वाट बदलणारच.

वीसेक राउटरपर्यंत हे सगळं अँसिबल या ऑटोमेशन टूलच्या प्लेबुकने आरामात होतं. त्यापुढे मिश्र व्हेंडर असतील तर जीएनओआयकडे (राउटर हाताळायचं सामाईक मानक) बघा, त्याच्या ओएस सेवेत इन्स्टॉल, ॲक्टिव्हेट आणि व्हेरिफाय असे तीनच कॉल आहेत आणि सपोर्ट असेल तिथे सगळ्या व्हेंडरना तेच चालतात. पण ऑटोमेशनने ड्रेन, रीलोड आणि पोस्ट-चेक करू द्या, ट्रॅफिक परत घ्यायचं बटण माणसाच्या हातात ठेवा, निदान पहिल्या वर्षी तरी.

आणि रोज सकाळी एक छोटी स्क्रिप्ट चालू द्या जी सगळ्या एक्सआर राउटरवर जाऊन चालू असलेली पॅकेजं आणि कमिट केलेली पॅकेजं ताडून बघते. जिथे फरक दिसेल तिथे कुणीतरी पहाटे कमिट मारायचा विसरून झोपायला गेलाय, आणि त्या साइटची वीज गेली तर राउटर जुन्या व्हर्जनवर उठेल.